यादी मिळेलच, पण आधी ती सारांशाची वही बंद करा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नऊ वर्षांचा मुलगा, गेल्या वर्षापर्यंत पुस्तकातून डोकं वर काढत नव्हता, आता पुस्तक समोर ठेवलं की ‘नंतर’ म्हणतो. एक साहसकथा तर निम्म्यावर टाकून दिली, म्हणून तुम्हाला आणखी मजेदार, आणखी थरारक पुस्तकं हवी आहेत. वर इतरांनी छान नावं सुचवली आहेत, त्यात मी भर घालत नाही. मी अडकले ते तुमच्या एका वाक्यापाशी: प्रत्येक पुस्तकानंतर त्याच्याकडून दहा ओळी लिहून घेते, म्हणजे वाचलेलं डोक्यात राहतं. सात वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच चालू होतं.

सुरुवात मुलीच्या शाळेच्या ग्रंथालयातून झाली. पुस्तक सात दिवस ठेवायचं, परत करताना सारांश द्यायचा, सारांश नसेल तर पुढचं पुस्तक नाही. शिवाय कपाटं इयत्तेप्रमाणे. तिसरीच्या मुलीने पाचवीच्या कपाटाला हात लावायचा नाही, मग ती कितीही पुढचं वाचत असो. मी दोनदा जाऊन भेटले. पहिल्यांदा ‘नियम सगळ्यांना सारखाच’ असं ऐकवलं, दुसऱ्यांदा अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज दिला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. वाचायला आसुसलेल्या मुलाला पुस्तक नाकारणाऱ्या माणसांनी पुस्तकांच्या खोलीची किल्ली सांभाळावी, याचा मला अजूनही संताप येतो.

पण जास्त नुकसान मी केलं. शाळेत सारांश लागतोच, तर सवय व्हावी म्हणून घरच्या पुस्तकांसाठीही वही घातली. नायक कोण, मुख्य प्रसंग, बोध, असे रकाने स्वतः पट्टीने आखून दिले.

काही दिवसांनी ती कपाटासमोर उभी राहून पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवताना दिसायची. मला वाटायचं, नावं वाचतेय. एकदा विचारलं तर म्हणाली, “पातळ घेतलं की लवकर लिहून होतं.” ती जाडी बघत होती. तरीही माझ्या लक्षात आलं नाही. मग एका संध्याकाळी ती एक गोष्ट वाचत होती. दोन भावंडं गुहेत अडकलेली, पाणी चढतंय, मेणबत्ती विझत आलेली. आणि पोरगी तिथेच खूण घालून पुस्तक मिटून बसली. एवढ्यात कसं ठेवलंस म्हटलं, तर उत्तर आलं, “पुढचं वाचलं तर तेही लिहावं लागेल.” त्या रात्री मी वही कपाटात टाकली.

साहसकथेत ‘बोध’ शोधायला लावणं मला आता चूकच वाटतं. वाचताना मूल घाबरतं, हुशारी लढवतं, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवून पस्तावतं. ते सगळं वाचतानाच घडून गेलेलं असतं. नंतर दोन ओळींत ते मागण्याची गरज नसते. ‘ट्रेझर आयलंड’ या खजिन्याच्या शोधाच्या साहसकथेचंच बघा. १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात तिचा लेखक स्टीव्हन्सन याने तेरा वर्षांच्या सावत्र मुलाच्या सोबतीने एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून गोष्ट निघाली. लिहून झालेलं प्रकरण तो घरच्यांना वाचून दाखवायचा. त्याचे वडील इतके रंगले की मेलेल्या दर्यावर्दीच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनीच करून दिली. बेट हवं, पेटी हवी, पुढे काय ते हवं, एवढंच त्या घरात चाललं होतं.

आम्हालाही याच पुस्तकाने बाहेर काढलं, पण दुसऱ्या फेरीत. आधी मी ‘मुलांसाठी संक्षिप्त’ आवृत्ती आणली होती. त्यात सफरचंदाच्या पिंपाचा प्रसंग चार ओळींत उरकला होता. मूळ पुस्तकात गोष्टीतला मुलगा जिम जहाजावर सफरचंदासाठी पिंपात उतरतो, तिथे त्याला झोप यायला लागते, इतक्यात कोणीतरी पिंपाला टेकून बसतं आणि बोलू लागतं. जहाजावरच्या सगळ्या भल्या माणसांचे जीव आता आपल्यावर अवलंबून आहेत, हे त्या बोलण्यावरून जिमला कळतं आणि दहावं प्रकरण संपतं. मी मोठ्याने वाचत होते, तिथेच थांबले, पुस्तक उशाशी ठेवलं आणि दिवा घालवून बाहेर आले. दहा मिनिटांनी दाराखालून उजेड दिसला. वही बंद करून तेव्हा जवळजवळ चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात तिने स्वतःहून एक पान उलटलं नव्हतं. तेव्हा आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून धीर सोडू नका.

संक्षिप्त आवृत्त्यांबद्दल माझं मत कडक आहे, पटेल असं नाही. थरार हा वाट बघण्यात असतो आणि कात्री नेमकी तिथेच लागते. पूर्ण पुस्तक जड वाटलं तर तुम्ही वाचून दाखवा. नऊ वर्षांच्या मुलाला स्वतः वाचता येतं त्याहून पुढचं ऐकून सहज समजतं.

मालिका जरूर द्या. फास्टर फेणेसारखा नायक एकदा आवडला की पुढचं पुस्तक निवडायचा प्रश्नच उरत नाही, आणि क्रमानेच वाचायला हवं असंही नाही. चित्रकथांना नाक मुरडू नका. ज्यूल व्हर्नचं ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेचं ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ घेतलंत तर भिंतीवर जगाचा नकाशा लावून पेन्सिल हाताशी ठेवा: लंडन, सुएझ, मुंबई, कलकत्ता, हाँगकाँग, योकोहामा, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क. माझ्या मुलीला तारखेची गंमत त्या रेघेवर कळली. कुठली ते सांगत नाही, त्याच्यासोबत तुम्हीही शोधा.

मी शिक्षिका नाही आणि बालमानसतज्ज्ञही नाही. एका मुलीवरून सांगतेय. मुलगा ओळी चुकत असेल, अक्षरांची अदलाबदल करत असेल, वाचताना डोकं दुखतं म्हणत असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवा. आधी डोळे तपासून घ्या आणि वाचनातल्या अडचणी ओळखणाऱ्या तज्ज्ञांना भेटा.

आणि ते निम्म्यावर राहिलेलं पुस्तक त्याच्याकडून पूर्ण करून घ्यायचं का, असं विचारलंत. नको. त्याच्या खुणेसकट कपाटात ठेवून द्या. आमचं गुहेचं पुस्तक दीड वर्ष तसंच होतं, मग एका सुट्टीत तिने खुणेपासून नाही, पहिल्या पानापासून वाचलं.