बाथरूममध्ये जायचीच भीती वाटते

"ताई, आयव्हीएफने तिसऱ्यांदा राहिलंय. आधीची दोन्ही गेली, एक सातव्या आठवड्यात आणि दुसरं नवव्यात, तेव्हा तर ठोके पण दिसले होते. आत्ता साडेपाच आठवडे झालेत, बीटा, म्हणजे रक्तातलं प्रेग्नन्सीचं हार्मोन, चांगला वाढलाय, सोनोग्राफी दहा दिवसांनी. मी दर थोड्या वेळाने बाथरूममध्ये जाऊन रक्त दिसतंय का बघते. काल छाती दुखायची कमी झाली तर दिवसभर रडले. नवरा खूश आहे आणि मला त्याचाच राग येतो. सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, बाळाला त्रास होईल. माझ्या टेन्शनमुळेच काही झालं तर?"

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला वाटतं तोच तुला झोपू देत नाहीये. नाही होत तसं. काळजी केल्याने, रडल्याने, घाबरल्याने मिसकॅरेज होत नाही. इतक्या लवकर जी प्रेग्नन्सी जाते त्यात निम्म्या किंवा त्याहूनही जास्त वेळा गर्भाच्या क्रोमोझोम्समध्येच गडबड असते, आणि ती बहुतेक वेळा अगदी सुरुवातीलाच, स्त्रीबीज तयार होताना नाहीतर गर्भ तयार होताना झालेली असते, तुझ्या रडण्याच्या कितीतरी आधी. जिची दोन गेलीत तिला 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण त्याने होतं काय की भीती तर जात नाहीच, वर भीती वाटते म्हणून अपराधी वाटायला लागतं. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही, तू ते मनावर घेऊ नकोस.

भीती घालवायच्या मागे पण लागू नकोस, दोनदा असं झाल्यावर ती वाटणारच. तुझ्या हातात आहे ते हे सारखं तपासणं. तू जाऊन बघतेस, काही नसतं, दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग परत शंका येते, आणि मन हेच शिकतं की बघितलं तरच सगळं ठीक आहे, म्हणून पुढच्या वेळी अजून लवकर उठवतं. त्यात तुला प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे गर्भ टिकायला मदत करणाऱ्या हार्मोनच्या, गोळ्या खालून ठेवायला दिल्या असतील तर त्या विरघळून पांढरं पांढरं बाहेर येतं, सतत ओलसर वाटतं आणि प्रत्येक वेळी काळजात धस्स होतं. तर असं कर, लघवीला लागली की जा, तेव्हा नजर जाईलच, जाऊ दे. पण फक्त बघायला म्हणून उठावंसं वाटलं की पंधरा मिनिटं थांब, हाताला काहीतरी काम दे, कपड्यांच्या घड्या घाल, कोणाला तरी फोन कर. पंधरा मिनिटांनी तरी जावंसं वाटलं तर जा, स्वतःवर चिडू नकोस. पहिले दोन-तीन दिवस जड जातील.

घरी रोज टेस्ट करत असशील तर ती पण बंद कर. रेघ गडद की फिकट हे लघवी किती पातळ आहे त्यावरही असतं, आणि पुढे हार्मोन खूप वाढलं की रेघ उलट फिकट दिसू शकते. दुसऱ्या कोणाच्या बीटाशी आपला आकडा लावून बघण्यातही अर्थ नाही, एकाच दिवसाचे नॉर्मल आकडे एकमेकींपासून खूप लांब असतात, वाढतोय की नाही ते महत्त्वाचं आणि तुझा वाढलाय.

लक्षणांचं पण तेच. छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं हे सगळं प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीही होतं आणि ते दिवसागणिक कमीजास्त होतं. दुखतंय म्हणजे सगळं छान आणि थांबलं म्हणजे गेलं, असं त्यावरून कोणालाच सांगता येत नाही.

आता रक्ताचं. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार ब्लीडिंग होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं नीट होतं. खालून ठेवायच्या गोळ्यांनी गर्भाशयाचं तोंड चुरचुरून तपकिरी डागही पडतात. डाग दिसला तर क्लिनिकला फोन कर, पण घाबरून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस. नुसतं झोपून राहिल्याने मिसकॅरेज टळत नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पलंग धरू नकोस. मात्र तासाभरात पॅड भिजलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, चक्कर आली किंवा ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच दवाखान्यात जायचं. रात्री कोणाला फोन करायचा ते आजच विचारून ठेव, नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये पण असू दे.

झोपच येत नसेल, जेवण जात नसेल, छातीत धडधडून श्वास अडकत असेल, किंवा जगायलाच नको असं कधी मनात आलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांग आणि काऊन्सेलर किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला सांग, गरज पडलीच तर प्रेग्नन्सीत देता येतील अशी औषधंही असतात. आधीपासून काही औषध चालू असेल तर ते पण न विचारता थांबवू नकोस.

नवऱ्याचा राग येतो कारण तो आनंदात आहे आणि तू आनंद लांब ठेवलायस, पुढे काही झालं तर कमी लागेल म्हणून. पण मला नाही वाटत असं राखून ठेवल्याने दुःख कमी होतं. तरी जबरदस्तीने खूश व्हायचीही गरज नाही. त्याला सांग, तू खूश राहा, पण मला खूश व्हायला लावू नकोस, मी घाबरले की नुसता शेजारी बस.

आणि स्कॅन लवकर करून घ्यायचा मोह होईल, नको करूस. साडेपाच आठवड्यांना बऱ्याचदा नुसती पिशवी दिसते, ठोके अजून दिसायचे बाकी असतात, आणि मग पुढचे दिवस अजून वाईट जातात. सात आठवड्यांचा बरोबर आहे. फक्त सकाळची पहिली वेळ मागून घे म्हणजे दिवसभर वाट बघायला नको, आणि आधीच सांगून ठेव की आधी दोनदा असं झालंय, स्क्रीन माझ्याकडे वळवू नका, आधी ठोके बघा आणि जे असेल ते लगेच बोला, मोजमापं नंतर घ्या. तुला तोंडातून शब्द फुटणार नसतील तर हे नवऱ्याने आत शिरतानाच सांगावं. त्या दिवशी सुट्टी टाक, दोघांनीही.