बागेतल्या कारंज्याला वीज देताना

प्रश्न : बंगल्याच्या बागेत छोटं कारंजं केलं आहे. वायरमन म्हणतो, बोर्डात एमसीबी आहे, आरसीसीबीची (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) गरज नाही. बरोबर आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. आणि तुमच्याकडच्या जमिनीत तर मुळीच नाही. एमसीबीचं काम वायर जळू न देणं. माणसाला बसणारा शॉक त्याला कळतही नाही.

हिशेब करून पाहा. पंपाचं वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळलं आणि २३० व्होल्ट त्याच्या धातूच्या बॉडीवर आले. अर्थिंगचा रोध २० ओहम धरू. जांभ्याच्या कातळात, उन्हाळ्यात खड्डा सुकल्यावर तो एवढा सहज भरतो. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर पडणारच नाही. पंपात, पाण्यात, त्याला टेकलेल्या लोखंडी जाळीत करंट तसाच राहील आणि बोर्डात सगळं ठीक दिसेल. शरीरातून साधारण १० मिलीअँपिअर गेले की स्नायू आखडतात, पकडलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. गळणारे साडेअकरा अँपिअर म्हणजे ११,५०० मिलीअँपिअर. त्यातला अगदी छोटा वाटा शरीरातून गेला तरी पुरे.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. फरक ३० मिलीअँपिअरचा झाला की ०.३ सेकंदाच्या आत, पाचपट असेल तर ०.०४ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. मेनला १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचा असला, तरी कारंज्याच्या लाइनला स्वतंत्र ३० चाच बसवा. एमसीबीही ठेवा, कारण साधा आरसीसीबी ओव्हरलोड पाहत नाही. महिन्यातून एकदा त्यावरचं ‘टी’ बटण दाबा. खटका पडला नाही, तर तो बदला.

अर्थिंग मात्र टाळू नका. ते असेल तर बिघाड होताक्षणी आरसीसीबी पडतो. नसेल, तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत तो वाट पाहतो.

प्रश्न : कूलरचा १८ वॅटचा पंप पडून आहे. तोच कारंज्यात टाकला तर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नका टाकू. कूलरच्या टाकीत कुणी खेळत नाही, कारंज्यात मुलं कोपरापर्यंत हात घालतात. या पंपांना बहुतेक वेळा दोनच तारा असतात, अर्थची तार नसतेच, आणि वायर जिथे बॉडीत शिरते तिथलं सील उन्हापावसात तडकतं.

१२ व्होल्टचा, आयपी ६८ दर्जाचा (म्हणजे सतत पाण्यात बुडवून चालणारा) पंप घ्या. ट्रान्सफॉर्मर घरात किंवा पोर्चमध्ये कोरड्या जागी ठेवा, आणि तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे आयसोलेटिंग प्रकारचा आहे, याची दुकानात खात्री करून घ्या. कमी व्होल्टेजवर वायर जाड लागते. पंप आणि दिवे मिळून ३ अँपिअर घेत असतील आणि अंतर १५ मीटर असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जवळपास १.१ व्होल्ट वाटेतच जातात आणि कारंज्याची धार खाली येते. अडीचची वायर टाका.

प्रश्न : पाऊस लागला की आरसीसीबी पडायचा. इलेक्ट्रिशियनने तो काढून थेट जोडणी केली, आता त्रास नाही. असंच राहू द्यावं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हे वाचून झाल्यावर आधी कारंज्याची लाइन बोर्डातून बंद करा आणि मुलांना तिथे जाऊ देऊ नका. गळती थांबलेली नाही, फक्त ती सांगणारा काढून टाकला आहे.

आरसीसीबी पुन्हा बसवा. पंपाची पिन काढून लाइन चालू करा. आता पडला नाही तर दोष पंपात. तरीही पडला तर केबलमध्ये किंवा जॉइंटमध्ये, आणि बहुतेक वेळा तो मातीत पुरलेला, काळी टेप गुंडाळलेला जॉइंटच निघतो. परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (केबलचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं, तर केबल बदला. नवी केबल तीन कोअरची (आत तीन तारा असलेली) आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची, पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा. मध्ये जॉइंट नको. पावसाशी संबंध न दिसता पडत असेल, तर कारंज्याचा न्यूट्रल इन्व्हर्टरच्या किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला आहे का, ते पाहा. हा घोळ फार घरांत सापडतो.

प्रश्न : गणपतीच्या सजावटीत दरवर्षी धबधबा करतो. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाखाली, कापडाआड असतो. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बोर्ड टेबलाखालून काढा. पाणी सांडलं की तिथेच साचतं. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर, बाजूच्या भिंतीला लावा. पंपाची वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावर टपकेल, पिनेत शिरणार नाही. इथेही १२ व्होल्टचाच पंप, आणि बोर्ड आरसीसीबी असलेल्या सर्किटवर. फुलं-पाकळ्या पंपाच्या जाळीत अडकतात आणि पंप तापतो. त्या काढताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन काढून हातात घ्या.