लॅपटॉप तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.८ व्हर्जनवर आहे. कंपन्यांना नवीनच लागतं म्हणून मी त्याला ते काढून ३.१२ टाकायला लावलं. तेव्हापासून प्रोजेक्ट बंद आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टसाठीचा वेगळा कप्पा) बनवूनही उपयोग झाला नाही. दोनदा विंडोज फॉरमॅट करून घेतलं. तो रात्र-रात्र एरर वाचत बसतो. त्याला हे झेपत नसेल, तर आताच स्पर्धा परीक्षांकडे वळवावं का? – एक पालक

उत्तर : एवढ्या पत्रात मुलाचं स्वतःचं एकही वाक्य नाही. ‘टाकायला लावलं’, ‘करून घेतलं’ मात्र आहे. प्रोजेक्ट त्याचा आणि व्हर्जन ठरवणार तुम्ही! बिघाड तुमच्या सूचनेने झाला आणि शंका घेताय त्याच्या कुवतीवर, हे मला बिघाडापेक्षा जास्त खटकलं. एरर वाचत बसणं हा वेळेचा अपव्यय नाही; पुढे त्याला पगार बराचसा त्याचाच मिळणार आहे. स्पर्धा परीक्षा त्याला स्वतःला द्यावीशी वाटली तर जरूर द्यावी, पायथॉनला कंटाळून नको.

जुने प्रोजेक्ट ३.१२ वर अडतात त्याची दोन नेहमीची कारणं आहेत. एक, डिस्ट्युटिल्स (distutils) हे मॉड्यूल त्या व्हर्जनमधून काढून टाकलंय आणि कित्येक जुन्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, इन्स्टॉल होताना तेच शोधतात. दुसरं, सी भाषेत लिहिलेला भाग असलेल्या लायब्ररीची तयार फाइल बहुधा व्हर्जनागणिक वेगळी असते. ३.१२ साठीची फाइल मिळाली नाही, की पिप (लायब्ररी टाकणारा प्रोग्रॅम) ती सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधायला जातो आणि त्या कोडची चालणारी फाइल करणारा कंपायलर नसला की तिथेच आपटतो.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटबद्दल मात्र तुम्हा दोघांचाही गैरसमज दिसतो. ते नवं पायथॉन आणत नाही. ज्या पायथॉनने बनवलं, तेच वापरतं. वेगळ्या राहतात त्या फक्त लायब्ररी. मशीनवर ३.१२ च असेल, तर दहा एन्व्हायर्नमेंट बनवली तरी दहाही ३.१२ चीच. आधी ३.८ परत टाकायला हवं, आणि त्यासाठी ३.१२ काढायची गरज नाही. दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदतात.

विंडोजसाठी ३.८ चा तयार इन्स्टॉलर ३.८.१० पर्यंतच आहे, पुढचे फक्त सोर्स; म्हणून ३.८.१० चाच घ्यावा. टाकताना ‘पाथ’मध्ये (विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याची खूण करू नये. विंडोज पाथमधले फोल्डर क्रमाने तपासतं आणि पहिलं सापडेल ते पायथॉन चालवतं. निम्मे घोळ इथलेच. मग कमांड विंडोमध्ये ‘पाय -०’ (py -0) म्हटलं की दोन्ही व्हर्जन दिसतील. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पाय -३.८ -एम व्हेन्व’ (py -3.8 -m venv) आणि पुढे नव्या फोल्डरचं नाव लिहिलं की एन्व्हायर्नमेंट बनतं. एन्व्हायर्नमेंट सुरू केल्यावर लायब्ररी टाकताना नुसतं ‘पिप’ नको, ‘पायथॉन -एम पिप’ (python -m pip) लिहावं. म्हणजे भलत्या व्हर्जनमध्ये काही जात नाही. तिथे ‘पाय -३.८’ पुन्हा लिहिलं, तर गाडी एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर जाते. आणि तो फोल्डर नंतर दुसरीकडे हलवू नये, आतले पत्ते पक्के लिहिलेले असतात. लागलाच तर नव्याने बनवावा.

तुमचंही थोडं खरं आहे. ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, तेव्हा नवीन काम ३.१२ वरच करावं. प्रोजेक्ट जमा होईपर्यंत ३.८ राहू द्या. हे सगळं त्यालाच करू द्या. शेजारी बसायचंच असेल, तर कीबोर्डला हात न लावता बसा.