अ‍ॅनाटॉमीतली पीएचडी की पेशीशास्त्रातली : ऐरोलीच्या मुलीला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ऐरोलीत राहतेस, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, पेशीशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र (अ‍ॅनाटॉमी) या दोन्हींची ओढ आहे. एका खाजगी मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात पीएचडीला जागा मिळते आहे, पण फेलोशिप नाही, उलट दरवर्षी फी भरायची. घरचे म्हणतात, जवळ आहे, मिळतंय ते घे. मैत्रीण म्हणते, एक वर्ष थांब, नेट दे, म्हणजे जिच्यातून संशोधनाची फेलोशिप मिळू शकते ती राष्ट्रीय परीक्षा. आणि अमेरिकेत या दोन्ही विषयांची मिळून एकच पीएचडी असते असं कळल्यापासून मन तिकडेही धावतंय.

वयाने तू माझ्या भाचीएवढी, म्हणून अगं-तुगं करते. मी स्वतः मेडिकल अ‍ॅनाटॉमीत एम.एस्सी. आणि मग पीएचडी केली, आणि गेली बरीच वर्षं नवी मुंबईत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतकांची सूक्ष्म रचना, शिकवते. माझं मत आधीच सांगते: ही जागा आत्ता घेऊ नकोस.

पहिलं कारण कोरडं आहे, पण तुला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. तू लिहिलंयस, 'पीएचडी झाली की मेडिकल कॉलेजात शिकवता येईलच.' तसं नाही. एमबीबीएस न झालेल्या माणसाला अ‍ॅनाटॉमी विभागात शिकवायला घेताना त्या विषयातली मेडिकल एम.एस्सी. आणि तिच्यावर पीएचडी, अशी जोडी बघतात. मेडिकल एम.एस्सी. वेगळी असते, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.वर अ‍ॅनाटॉमीची पीएचडी ठेवली तरी ती जोडी पूर्ण होत नाही. त्यात आमच्यासारख्यांच्या जागांचं प्रमाणही २०२० मध्ये ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. तेव्हा माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांची झोप उडाली होती. २०२५ मध्ये अध्यापकांच्या पात्रतेची नवी नियमावली आली आहे. ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घे आणि स्वतः वाच, विभागातल्या कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. शिकवणं हेच तुझं ध्येय असेल तर आधी मेडिकल एम.एस्सी.चा विचार कर. संशोधन हे ध्येय असेल तर हा रस्ताच तुझा नाही.

आता खरा मुद्दा. विषयाचं नाव बाजूला ठेव आणि पुढची पाच वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हाताने काय करायचंय ते बघ. अ‍ॅनाटॉमी आणि पेशीशास्त्र ही कागदावर सख्खी भावंडं आहेत, पण त्यांचे दिवस फार वेगळे जातात.

माझा दिवस सांगते. माझा विषय होता गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांच्या वारेतले बदल. वार म्हणजे प्लासेंटा, हे तुला सांगायला नकोच. ही वार सहसा जड असते आणि तिच्यातल्या बोटांसारख्या अंकुरांची (व्हिलाय) वाढ पुष्कळदा मागे राहिलेली दिसते. हे स्लाइडवर मोजायचं होतं. त्यासाठी लेबर वॉर्डच्या सिस्टरांशी मैत्री करावी लागली, कारण बाळंतपण काही माझ्या वेळापत्रकाने होत नसे. रात्री फोन आला की रिक्षा करून जायचं, आधी त्या बाईची संमती घेतलेली आहे ना ते पुन्हा बघायचं, वार धुवायची, वजन करायचं, ठरलेल्या जागांचे तुकडे काढून ते टिकवायला फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे. मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, झायलीन, मेण, ब्लॉक. मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, ५ मायक्रॉनचे काप. कापांची रिबन सुटी न होता सलग आली की त्या दिवशी जेवणाची चव वेगळी लागायची. शेवटी हिमॅटॉक्सिलिन-इओसिन: केंद्रकं निळी, बाकी गुलाबी.

एक चूक सांगते, तुला उपयोगी पडेल. सुरुवातीच्या २६ नमुन्यांच्या स्लाइडवर सगळीकडे काळपट तपकिरी कण दिसायला लागले. मला वाटलं, काहीतरी नवीनच सापडलं! आठवडाभर मी हवेत होते. मग आमच्या जुन्या लॅब टेक्निशियन काकांनी एक नजर टाकली आणि विचारलं, 'मॅडम, फॉर्मॅलिन बफर केलं होतं का?' केलं नव्हतं. बफर करणं म्हणजे क्षार मिसळून आम्लता स्थिर ठेवणं. फॉर्मॅलिन आम्लधर्मी झालं की ते रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून असे कण तयार करतं, आणि वार म्हणजे तर रक्ताने भरलेलं ऊतक. पिक्रिक अ‍ॅसिडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाने बरेचसे कण निघाले, पण मोजणीला भरवसा ठेवावा इतके नाहीत. २६ नमुने सोडून दिले. सात महिन्यांच्या रात्री होत्या त्या. विभागात बफर का बनवत नव्हते, तर 'नेहमी असंच करतो' म्हणून. अशा विभागात शिरायचं असेल तर आधी विचारायला शीक, हे मी तेव्हा शिकले.

दुसरा धडा मोजणीचा. कुठल्या स्लाइडवरचं कुठलं क्षेत्र मोजायचं हे डोळ्यांना 'छान' दिसतं त्यावरून ठरवलं तर निकाल आपल्याला हवा तसाच येतो. क्षेत्रं आधी ठरलेल्या अंतराने घ्यायची, आणि स्लाइडवरचा नमुन्याचा क्रमांक दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्यायचा, म्हणजे मधुमेहाची कुठली आणि निरोगी कुठली हे मोजताना आपल्यालाच कळत नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला पहिला प्रश्न हाच आला होता. तुझ्या होणाऱ्या गाईडना हे सहज विचारून बघ. उत्तर देताना ते खुलले तर चांगलं लक्षण. चिडले तर तिथून निघ.

पेशीशास्त्राचा दिवस मी जवळून पाहिला तो खारघरला एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत. तिथे जिवंत पेशी. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि त्यांच्या खाद्याचा गुलाबीसर रंग पिवळा पडायला लागला की समजायचं, आम्ल वाढलंय, मीडियम बदला. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असला तरी जावंच लागतं. बुरशी लागली तर निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा हा अगदी छोटा जिवाणू शिरला तर साध्या सूक्ष्मदर्शकात काहीच दिसत नाही, पेशी वाढत राहतात, आणि महिनोन्‌महिन्यांचे निकाल खोटे निघतात. म्हणून दर काही आठवड्यांनी पीसीआर करून तपासायचं. माझ्या मैत्रिणीला हे सगळं आवडतं. मला त्या हूडसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) दोन तास बसवलं तर खांदे भरून येतात, पण मायक्रोटोमसमोर मी दिवसभर बसेन. एकीला जे ओझं, ते दुसरीला नाही. तुझं कुठलं, हे तुला अजून माहीत नाही, कारण एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये यातलं काहीच नीट करायला मिळत नाही.

हे दोन विषय अमेरिकेत एकत्र का आले, तेही सांगते, कारण त्यातून तुझा गोंधळ सुटेल. अ‍ॅनाटॉमीचे विभाग आधी चाकूने, मग भिंगाने बघत होते. १९४५ मध्ये कीथ पोर्टर, अल्बर्ट क्लॉड आणि अर्नेस्ट फुलम यांनी वाढवलेल्या पेशीचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र प्रसिद्ध केलं आणि पेशीच्या आत शिरायची वाट मोकळी झाली. क्लॉड, द दूव आणि पलाडे यांना १९७४ मध्ये नोबेल मिळालं ते पेशीची रचना आणि कार्य उलगडल्याबद्दल. पेशीची रचना बघणं हेही रचनाशास्त्रच, म्हणून तिकडे कितीतरी अ‍ॅनाटॉमी विभागांच्या नावात पेशीशास्त्र आलं. तिथल्या पीएचडीत पहिल्या वर्षी कोर्सवर्क आणि दोन-तीन प्रयोगशाळांमध्ये काही आठवड्यांची फिरती, मग एक मोठी पात्रता परीक्षा, मग संशोधन. जोडीला मेडिकलच्या मुलांना डिसेक्शन हॉलमध्ये शिकवायचं. साधारण पाच-सहा वर्षं लागतात. बहुतेक ठिकाणी फी माफ आणि स्टायपेंड मिळतो. मला त्यातली फिरती फार मोलाची वाटते. आधी हात लावून बघ, मग गाईड निवड. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी गाईड, मग विषय, आणि हात सगळ्यात शेवटी.

ती फिरती तू इथेच स्वतःची स्वतः करू शकतेस. ठाणे-पनवेल लोकलने तुला खारघर सोपं आहे. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, आहे, जिथे २००२ मध्ये परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट हलली. तिथली पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची असते आणि फेलोशिपसह असते. प्रवेश सोपा नाही, पण प्रकल्पांवर काम करणाऱ्यांच्या जागा अधूनमधून निघतात. त्यांच्या संकेतस्थळावरच्या जाहिराती दर सोमवारी बघत जा. प्रकल्प सहायक म्हणून सहा महिने कुठेही, इथे किंवा मुंबईत, काम कर. पगार थोडा असला तरी चालेल. त्या सहा महिन्यांत संध्याकाळी नेटची तयारी.

नेटचं म्हणशील तर सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) लाइफ सायन्सेसच्या अभ्यासक्रमात पेशीची रचना, पेशींमधला संवाद, भ्रूणविकास, प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र हे सगळं आहे, म्हणजे तुझ्या आवडीचंच. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये, आणि वर घरभाडं. १ जानेवारी २०२३ पासून हे दर लागू झाले. मुलींना वयात ५ वर्षांची सवलत आहे, त्यामुळे 'वर्ष वाया जाईल' ही घरच्यांची भीती आकड्यांत बसत नाही. आणि जेआरएफ नाही मिळाली तरी आता नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशासाठी धरतात. बिनफेलोशिपची पाच वर्षं म्हणजे रसायनांचा, किटचा, कधीकधी स्लाइड बनवण्याचाही खर्च घरातून. माझ्यावेळी सासूबाईंनी एका अँटिबॉडीच्या बाटलीसाठी दिवाळीचे पैसे दिले होते. मी ते विसरले नाही, पण तुझ्यावर ती वेळ यावी असं मला वाटत नाही.

नियम थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आणि कोर्सवर्कसह जास्तीत जास्त ६. स्त्रियांना त्यावर आणखी २ वर्षं, आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. हे घरी नीट सांग, कारण लग्नाचा विषय निघाला की 'मग शिक्षण अर्धवट राहील' हे वाक्य येतंच. माणसांच्या ऊतकांवर काम असेल तर एथिक्स कमिटी, प्राण्यांवर असेल तर प्राण्यांची वेगळी कमिटी. दोन्हीकडे महिने जातात, म्हणून ही मंजुरी नोंदणीनंतरच्या पहिल्या दिवसापासून मागे लागून मिळवायची.

तू शेवटी लिहिलंयस, 'प्राणिशास्त्रातून माणसाच्या पेशींकडे जाणं म्हणजे उशीर झालाय का?' कमल रणदिवे आठव. पुण्याच्या, जन्म १९१७ चा. त्यांची एम.एस्सी. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर होती! तिथून त्या मुंबईला कर्करोगाच्या संशोधनाकडे वळल्या, डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेतली, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतक-संवर्धन शिकल्या. हीला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या माणसाच्या पेशी, १९५१ मध्ये वाढवणारे तेच गाय. परत येऊन रणदिव्यांनी मुंबईत ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, ती आपल्या देशातली पहिली मानतात. वनस्पतीपासून माणसाच्या गाठीपर्यंतचं ते अंतर तुझ्यापेक्षा कितीतरी लांब होतं. आणि त्यांनी १९७३ मध्ये ज्या भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेची सुरुवात करण्यात पुढाकार घेतला, तिचं मुख्यालय तुझ्या घरापासून काही स्टेशनांवर, वाशीला आहे. एकदा जाऊन ये. तुझ्यासारख्या आणि माझ्यासारख्या बायका तिथे भेटतील.

एक गोष्ट मात्र अ‍ॅनाटॉमीच्या बाजूने सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये मुलं देहदात्यासमोर शपथ घेतात. हॉलमध्ये एरवी कधीच नसते अशी शांतता तेव्हा असते. मी दरवर्षी ती शपथ ऐकते आणि दरवर्षी घसा दाटतो. कुणीतरी घरच्यांना सांगून ठेवलेलं असतं की मला जाळू नका, मुलांना शिकू द्या. त्या माणसाच्या यकृताचा काप मग मी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते, तेव्हा मुलांना पेशी आणि शरीर वेगळे वाटतच नाहीत. तुला दोन्ही का आवडतात ते मला पुरतं कळतं. म्हणूनच सांगते, दोन्हींपैकी एकाला घाईने हो म्हणू नकोस.

त्या कॉलेजला उत्तर द्यायला किती दिवस आहेत ते लिहिलं नाहीस. मुदत असेल तर नम्रपणे एक मेल टाक: गाईडच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, विभागात स्वतःचं मायक्रोटोम आणि टिश्यू प्रोसेसर आहे का, रसायनांचा खर्च कोण करतं. जे उत्तर येईल ते इथे टाक, मी बघते. आणि कधी शनिवारी मोकळी असलीस तर निरोप पाठव. वारेच्या जुन्या स्लाइडचे डबे अजून माझ्याकडे आहेत, त्या काळ्या कणांच्यासुद्धा. सूक्ष्मदर्शकावर बसून स्वतःच बघ.