घरच्या शेडसाठी टिग वेल्डिंग मशीन कोणतं घ्यावं? सिंगल फेजवर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे दहा बाय पंधराची शेड आहे, सिंगल फेज कनेक्शन आहे, रॉडचं वेल्डिंग येतं. आता एसएसची (स्टेनलेस स्टीलची) रेलिंग, बाइकचे सायलेन्सर आणि ‘कधीतरी ॲल्युमिनियम’ करायचंय. दुकानदार म्हणतो २०० अँपिअरचं एसी/डीसी मशीन घ्या. घेऊ का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. साधं डीसी घ्या, एचएफ स्टार्टचं (टोक कामाला न टेकवता आर्क पेटवणारं), आणि वाचलेले पैसे सिलिंडर, रेग्युलेटर आणि हेल्मेटवर घाला.

मी कोल्हापूरचा. डेअरीच्या टाक्या आणि दुधाच्या पाइपलाइनी करणाऱ्या एका शॉपमध्ये अकरा वर्षं आर्गन मारलं, आता घराच्या मागेच छोटं काम करतो. टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकातून आर्क आणि भोवती आर्गन गॅसचं आवरण. आपल्याकडे टिग फारसं कोणी म्हणत नाही, ‘आर्गन वेल्डिंग’च म्हणतात. दुकानात आणि गॅसवाल्याकडे तुम्हीही तेच म्हणा, चटकन समजतं. गंमत म्हणजे १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत बसवली, तेव्हा वापरला होता हेलियम.

आधी त्या ‘कधीतरी ॲल्युमिनियम’बद्दल, कारण सगळा खर्च त्या दोन शब्दांत आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तो दोन हजार अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. डीसीवर मारायला गेलात तर दुधावरच्या सायीसारखं होतं: खाली सगळं पातळ झालंय, वर कातडं तसंच. फिलर (जोडात वितळवायची तार) टेकवला तरी मिसळत नाही, आणि मग अचानक सगळा तुकडा खाली गळतो. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सतत उलटत असते आणि त्या उलट्या फेरीत ही साय फाटते. म्हणून ॲल्युमिनियमला व्यवहारात एसी लागतंच. पण त्या सोयीसाठी मशीनची किंमत दुपटीच्या पुढे जाते. डीसी मशीन पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळतं, चांगलं एसी/डीसी त्याच्या दुप्पट-तिप्पट. वर्षाला ॲल्युमिनियमची चार कामं येणार असतील तर ती गावातल्या आर्गनवाल्याकडे टाका. मात्र तुमचं मुख्य कामच रेडिएटर किंवा इंजिनची कव्हरं असेल, तर माझं वरचं सगळं विसरा आणि एसी/डीसीच घ्या.

आता अँपिअर. एसएस किंवा एमएसला (साध्या लोखंडाला) ढोबळ हिशेब म्हणजे जाडीच्या एका मिलिमीटरला ४० अँपिअर. रेलिंगचा पाइप सव्वा ते दीड मिमीचा, म्हणजे पन्नास-साठ अँपिअर. तीन मिमीची पट्टी आली तरी १२०. म्हणजे २०० च्या मशीनवर तुम्ही बहुतेक वेळ निम्म्याच्या खालीच असणार. दुकानात सगळेजण वरचा आकडा विचारतात, तुम्ही खालचा विचारा. सायलेन्सरचा पत्रा पातळ असतो, गंजून आणखी पातळ झालेला असतो. तिथे मशीन १० अँपिअरला न फडफडता जळतं का, हे महत्त्वाचं. शक्य असेल तर दुकानातच लावून बघा. १० वर ठेवायचं, आर्क पेटवायचा आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. मशीनवरच्या स्टिकरवर ड्यूटी सायकल असते, तीही वाचा: २०० ला ६० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं मारायचं, चार मिनिटं थांबायचं. स्वस्तातल्या मशीनचा तो आकडा मी कधी मनावर घेत नाही. पण साठ अँपिअरवर काम करणाऱ्याला त्याची फिकीर नको.

सिंगल फेजची भीती तर अजिबात नको. टिगचा आर्क कमी व्होल्टवर जळतो. १०० अँपिअरला साधारण १४ व्होल्ट, म्हणजे आर्कवर १.४ किलोवॅट. तुम्ही सव्वातीन मिमीचा रॉड १२० अँपिअरवर लावता तेव्हा २५ व्होल्टच्या आसपास असतात, म्हणजे ३ किलोवॅट. मशीन स्वतः थोडी वीज खातं ते वेगळं, पण रॉड मारताना ज्या घरात एमसीबी पडत नाही, तिथे आर्गनने पडणार नाही. तरी महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ किती लिहिलाय ते एकदा बघा. शेडपर्यंत ४ चौरस मिमीची तांब्याची वायर ओढा, वेगळा ३२ अँपिअरचा एमसीबी बसवा आणि अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय याची वायरमनकडून खात्री करून घ्या. एक्स्टेन्शन वापरलंच तर ते रिळावरून पूर्ण सोडवून पसरा. गुंडाळलेलं एक्स्टेन्शन तापून वितळलेलं मी पाहिलंय.

एचएफ का, तर टंगस्टन कामाला न टेकवता बटण दाबलं की ठिणगी उडी मारते. लिफ्ट स्टार्टमध्ये टेकवून उचलायचं असतं. तेही जमतं, पण शिकताना टोक चिकटतं, मग पुन्हा ग्राइंडरवर जा. एचएफचा उपद्रव एवढाच की पेटवताना जवळचा रेडिओ खरखरतो. घरात कोणाला पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मशीन घरी आणू नका.

रॉडवाल्यांची हमखास होणारी एक चूक सांगतो. तुमच्या हाताला होल्डर प्लसला लावायची सवय असणार. टिगमध्ये डीसीवर टॉर्च (टंगस्टन धरणारा दांडा) मायनसला आणि अर्थ क्लॅम्प प्लसला. उलटं लावलंत तर टंगस्टनचं टोक बघता बघता गोळा होऊन गळतं आणि माणूस टंगस्टनला शिव्या घालत बसतो.

खरी गोष्ट गॅसची. २०१७ मध्ये मी स्वतःचं पहिलं मशीन घेतलं, शनिवारी संध्याकाळी. सिलिंडर एका ओळखीच्या गॅसवाल्याकडून आला. रविवारी सकाळी आर्क पेटवला तर तडतड, टंगस्टनच्या टोकावर काळपट-निळी राख, वेल्ड काजळलेला. अकरा वर्षं हेच काम केलेला माणूस मी, पण दोन तास मशीनला दोष देत होतो. टॉर्चची टोपी बदलली, टंगस्टन तीनदा घासलं, एसएस ॲसिटोनने पुसलं, नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. शेवटी सिलिंडरच्या मानेवरचं धुळीने माखलेलं लेबल बोटाने पुसलं तर त्यावर आर्गन-सीओटू मिक्स! मिगवाल्यांचा (तार आपोआप पुढे येणाऱ्या वेल्डिंगचा) गॅस. सीओटूमध्ये टंगस्टन टिकत नाही, जळतं. सिलिंडर निळा होता म्हणून मी लेबल बघितलंच नव्हतं. आर्गनचा रंग निळा हे बरोबर, पण रंगावर जाऊ नका. लेबलवर फक्त ‘आर्गन’ आणि शुद्धता ९९.९९ किंवा त्याहून वर असं वाचा, मगच सिलिंडर उतरवून घ्या.

मानेवर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासल्याची) तारीखही बघा. टेस्टची मुदत संपलेला सिलिंडर नियमाने भरता येत नाही. हे नियम बघणारी पेसो ही संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

साइझचं म्हणाल तर मोठा सिलिंडर ४७ लिटरचा, त्यात सात घनमीटर गॅस बसतो. छोटा १० लिटरचा, त्यात दीड घनमीटर. मिनिटाला ८ लिटरच्या हिशेबाने छोटा तीन तास आर्क पुरवतो, मोठा चौदा तासांच्या वर. तीन तास ऐकायला बरे वाटतात, पण शिकताना एका रविवारी संपतात, आणि छोटा भरून घेताना लिटरमागे पैसे जास्त जातात. जागा असेल तर मोठा घ्या, डिपॉझिटवर मिळाला तर उत्तम. भिंतीला साखळीने बांधा. आडवा पडला आणि व्हॉल्व्ह तुटला तर तो तोफगोळा असतो. गाडीतून आणताना टोपी घट्ट आणि काचा उघड्या. आर्गनला वास नाही, तो हवेपेक्षा जड आहे, बंद जागेत खाली साचून माणसाला कळूही न देता गुदमरवतो.

रेग्युलेटर फ्लोमीटरवाला घ्या, काचेच्या नळीत गोळी वर-खाली होते तो. सहा नंबरच्या कपला (टॉर्चच्या तोंडावरच्या नळीला) मिनिटाला सात-आठ लिटर भरपूर झाले. वेल्ड काळा पडला की नवशिका गोळी वीसपर्यंत नेतो, आणि त्या जोराने उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. काळं पडण्याचं कारण बहुतेक वेळा डोक्यावरचा पंखा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पंखा बंद करून हेल्मेट घालणं म्हणजे शिक्षा आहे, मान्य. मी पहाटे मारतो.

टॉर्चसाठी डब्ल्यूपी-१७ पुरे. मशीनसोबत बऱ्याचदा २६ नंबरचा येतो. तो जास्त अँपिअर सोसतो पण हाताला जड, रेलिंगच्या कोपऱ्यात मनगट भरून येतं. टंगस्टन १.६ आणि २.४ मिमीचं, लँथॅनमवालं घ्या, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं. दुकानदार लाल टोकाचं देईल. ते चालतं छान, पण त्यात थोरियम असतं, किंचित किरणोत्सर्गी, आणि घासताना त्याची धूळ आपणच छातीत घेतो. टोक लांबीच्या दिशेने घासा, आडवं नको, आणि त्यासाठी वेगळा दगड ठेवा. फिलर एसएस ३०४ ला ईआर ३०८ एल, लोखंडाला ईआर ७०एस-२ किंवा ७०एस-६, एसएसला लोखंड जोडायचं तर ईआर ३०९ एल. रेलिंगवाले हे तिसरं विसरतात आणि बेसप्लेटच्या जोडाला पहिल्याच पावसाळ्यात तडा जातो.

हेल्मेट ऑटो-डार्कच घ्या, पण ते कमी अँपिअरच्या टिगला ओळखतं का हे विचारून. बरीच स्वस्त हेल्मेटं रॉडच्या आर्कला झटकन काळी होतात आणि पंधरा अँपिअरच्या आर्कला लुकलुकतात. टिगमध्ये धूर फारसा नसतो, त्यामुळे किरण थेट येतात. उघड्या गळ्याला आणि मनगटाला उन्हात भाजल्यासारखं होतं. डोळ्याला आर्क लागला तर रात्री दोनला डोळ्यांत वाळू घातल्यागत जाग येते. आमच्या शॉपमधले जुने लोक बटाट्याच्या चकत्या ठेवायचे. गार वाटतं, बाकी काही होत नाही. सकाळी डॉक्टरकडे जा.

सायलेन्सरला हात लावण्याआधी एक गोष्ट. तो ब्रेक क्लीनर किंवा कसल्याही क्लोरीनच्या स्प्रेने धुऊन त्यावर आर्क पेटवू नका, त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि डबा-फडकं लांब ठेवा, कारण ॲसिटोन पेट घेतं. जीआय पाइप असेल तर जस्त आधी घासून काढा.

शिकायला किती दिवस लागतील हेही विचारलंय. रॉड येतो म्हणजे वितळलेल्या धातूचं तळं ओळखणारा डोळा तयार आहे, डाव्या हाताने फिलर द्यायची सवय तेवढी लावायची. भंगारातून दीड मिमी एसएसच्या पट्ट्या आणा आणि पहिला आठवडा फिलर न घेता नुसत्या रेषा मारा. बटण सोडलं तरी टॉर्च हलवायचा नाही, पोस्ट फ्लो (आर्क विझल्यावरही चालू राहणारा गॅस) पाच-सहा सेकंद ठेवायचा, गॅस थांबेपर्यंत हात तिथेच. मग रंग बघा. फिकट सोनेरी आला तर उत्तम, जांभळा-निळा चालेल, राखाडी आला तर वेग वाढवा किंवा अँपिअर पाच-दहाने उतरवा, आणि पंखा कोणी चालू केलाय का ते वळून बघा.