दरवर्षी गॅस का भरावा लागतो? ट्रक-केबिनच्या एसीबद्दल तुमचे प्रश्न

मार्च लागला की एसीचे प्रश्न सुरू होतात, यावेळी फक्त हेवी गाड्यांचे घेतलेत. कारवाल्यांनी जरा दम धरा.

प्रश्न : ट्रेलर आहे, चाकण-चेन्नई लाइनला. दरवर्षी मार्चमध्ये गॅस भरतो, दिवाळीपर्यंत कूलिंग खलास. मेकॅनिक म्हणतो हेवी गाडीचा गॅस वर्षात संपतोच. खरंय का दादा?

नाही. एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही, तोच तो गॅस बंद पाईपात फिरत राहतो. रबरी पाईपातून अगदी थोडा झिरपतो, पण तेवढ्याने दरवर्षी भरायची वेळ येत नाही. तुमची सिस्टिम लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस मारणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं, अक्षरशः.

ट्रेलरमध्ये पहिला संशय घ्यायचा तो केबिन टिल्ट होते तिथल्या पाईपवर. गॅस दाबणारा कंप्रेसर इंजिनाला आणि कूलिंग कॉइल केबिनमध्ये, मधले रबरी पाईप केबिन उचलताना प्रत्येक वेळी वाकतात, वर रस्त्याची थरथर आहेच, त्यामुळे पाईपच्या टोकाला जिथे ॲल्युमिनियमची टोपी दाबलेली असते ना तिथून गॅस झिरपायला लागतो. गॅससोबत थोडं ऑइलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून जॉइंटवर काळा चिकट डाग दिसला की बऱ्याचदा तिथेच चोर सापडतो. त्यानंतर कंप्रेसरच्या शाफ्टचं सील, गॅस भरायच्या वॉल्वच्या टोप्या (निम्म्या गाड्यांवर त्या नसतातच, क्लीनरने कुठे टाकल्या देव जाणे), ओ-रिंगा, आणि सगळ्यात शेवटी डॅशबोर्डच्या आतली कॉइल, कारण तिच्यासाठी अख्खा डॅश खोलावा लागतो.

मेकॅनिकला सांगा सिस्टिम रिकामी असतानाच नायट्रोजन भर, दीड-दोनशे पीएसआय (दाबाचं माप), सगळ्या जॉइंटवर साबणाचं पाणी मार, आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच ठेव. सकाळी काटा खाली आला तर लीक आहे. नायट्रोजन रेग्युलेटर लावूनच भरायचा. आणि वेल्डिंगचा ऑक्सिजन चुकूनही वापरू देऊ नका, ऑइलसोबत त्याचा स्फोट होतो.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. दर लीकमध्ये थोडं ऑइल जातं आणि ते कोणी परत भरत नाही, नुसता गॅस मारतात. तीन-चार वर्षांनी कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो, त्याचा चुरा सगळ्या लाइनभर पसरतो, आणि मग दोन ओ-रिंगांचं काम पूर्ण एसी बदलण्यावर जातं.

प्रश्न : गॅस किती भरायचा हे कसं कळतं? आमच्याकडचा मिस्त्री पाईपला हात लावून सांगतो. थोडा जास्त भरला तर कूलिंग वाढेल ना?

उलट कमी होईल. जास्तीचा गॅस कंडेन्सरमध्ये (गरम गॅस थंड करणारी बाहेरची जाळी) लिक्विड होऊन साचतो, गॅस थंड व्हायला जागा उरत नाही, हाय साइडचं, म्हणजे कंप्रेसरमधून दाबून निघालेल्या गॅसच्या बाजूचं प्रेशर चढतं आणि मग प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो.

किती भरायचा ते गाडीवर लिहिलेलं असतं, पुढचं पॅनल उघडलं की स्टिकर दिसतो, आर-१३४ए हे गॅसचं नाव आणि पुढे ग्रॅमचा आकडा. तेवढाच, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून. स्टिकर धुऊन गेला असेल तर मॅन्युअल बघा नाहीतर डीलरला विचारा, शेजारच्या गाडीवरून अंदाज करू नका.

गाडी बंद असताना गेज लावून "प्रेशर आहे, गॅस आहे" म्हणणारे खूप भेटतात. आत थोडं जरी लिक्विड असेल तरी ते प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, ३० डिग्रीला साधारण ९५-९७ पीएसआय आणि ४० डिग्रीला १३० च्या थोडं वर, मग आत २०० ग्रॅम असो की ८००. चालू गाडीत, पस्तीसेक डिग्री उन्हात, लो साइड साधारण २५ ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० च्या आसपास दिसली की बरं चाललंय समजा, पण हे तपासायचे आकडे आहेत, भरायचं माप वजनच.

आणि भरायच्या आधी व्हॅक्यूम. कमीत कमी अर्धा तास, पावसाळ्यात तासभर चालवला तर उत्तम. हवा काढणं हे अर्धंच काम, खरं काम ओल काढायचं, कारण पूर्ण व्हॅक्यूममध्ये पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. ओल राहिली तर एक्सपान्शन वॉल्वमध्ये (कॉइलच्या आधीचं बारीक भोक) बर्फ धरतो आणि एसी मध्येच बंद-चालू होतो. पुण्या-नाशकातल्या पोरांचा नेहमीचा घोळ, यूट्यूबवर व्हॅक्यूम २९.९ इंच (पाऱ्याचे) दाखवतात आणि आपला काटा २८ लाच अडकतो, मग पंप खराब म्हणून भांडतात. पंप ठीक आहे, आपण समुद्रापासून साडेपाचशे-सहाशे मीटर वर आहोत, इथे पूर्ण व्हॅक्यूम २८ इंचाच्या आसपासच दिसणार. मुंबईत नेलात तर तोच पंप ३० च्या जवळ दाखवेल.

सिस्टिम उघडी राहिली असेल तर ओल शोषणारा ड्रायर नवा टाका, त्यात कंजुषी नको. इंजिन चालू असताना गेजचा हाय साइडचा, म्हणजे लाल वॉल्व उघडायचा नाही, ते प्रेशर उलटं गॅसच्या डब्यात शिरतं आणि डबा फुटतो. चालू गाडीत सिलिंडर उलटा करून लिक्विड पण ढकलायचं नाही, कंप्रेसरच्या आतल्या वॉल्वच्या पट्ट्या तुटतात. आणि हातात ग्लोव्ज, डोळ्यावर चष्मा. हा गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते.

प्रश्न : खडी क्रशरवर पोकलेन चालवतो. सकाळी एसी मस्त, दुपारी बारानंतर गरम हवा. दोनदा गॅस टाकला, फरक नाही भाऊ.

आता तिसऱ्यांदा टाकू नका. एक सोपी टेस्ट करा, दुपारी गेज लावून कंडेन्सरवर पाणी मारा. हाय प्रेशर झटकन उतरलं आणि कूलिंग परत आलं तर गॅसचा काही संबंध नाही, कंडेन्सरला हवा मिळत नाहीये. क्रशरच्या धुळीने जाळी गच्च होते, ऊसवाल्या गाड्यांची पाचटाने होते, जिनिंगवाल्यांची कापसाने. आतून बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर गन अगदी जवळून मारली की पत्रे आडवे होतात आणि मग कायमची बोंब. फॅन फुल स्पीडला फिरतोय का, केबिनचा फिल्टर शेवटचा कधी झटकला तेही बघा. आणि दोनदा वरून टाकलाय म्हणजे आता गॅस जास्त झालेला असणार, तो मशीनने काढून घ्या आणि वजनाने परत भरा.

प्रश्न : बाजारात अर्ध्या किमतीत गॅसचे डबे मिळतात. चालतील का?

माझ्या गाडीत मी टाकणार नाही. स्वस्त डब्यात काय मिसळलंय ते वासावरून कळत नाही, कधी एलपीजीसारखा पेटणारा गॅस असतो, कधी त्याहून वाईट. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये सर्व्हिस झालेल्या रेफर (थंड माल नेणाऱ्या) कंटेनरांचे स्फोट होऊन माणसं गेली होती, त्यात बनावट १३४ए निघाला, आत मिथाइल क्लोराइड. ते ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करून असं काही तयार करतं जे नुसती हवा लागली तरी पेटतं, आणि तुमचा कंडेन्सर ॲल्युमिनियमचाच आहे. बिल घ्या, सील बघा. "लीक बंद करणारा" सीलर मिसळलेला डबा पण नको, तो एक्सपान्शन वॉल्व चोक करतो आणि पुढच्या मेकॅनिकचं मशीन पण.

प्रश्न : एसी केबिनचा नियम आला म्हणे. माझी गाडी २०१९ ची आहे, बसवावाच लागेल का?

नाही. नियम २०२५ मध्ये लागू झाल्यानंतर बनलेल्या गाड्यांना आहे, एन-२ आणि एन-३, म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या मालगाड्या. जुन्या गाडीला बाहेरून किट बसतं, पण बसवण्याआधी अल्टरनेटर लोड झेपेल का आणि ब्रॅकेट नीट बसतंय का ते बघून घ्या, अर्ध्या किटा ब्रॅकेट तुटून, बेल्ट उडून परत येतात.

प्रश्न : रात्री ढाब्यावर इंजिन चालू ठेवून एसीत झोपतो. डिझेल जातं ते कळतं, पण एसीला काही होतं का?

एसीला विशेष नाही, थांबलेल्या गाडीत हाय प्रेशर जरा चढतं एवढंच. काळजी तुमची वाटते. सायलेन्सरला चीर असेल किंवा शेजारी दुसरी गाडी चालू असेल तर धूर केबिनमध्ये येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) लावलं की आपण सेफ असं समजू नका, केबिन काही हवाबंद नसते. झोपायचंच असेल तर बॅटरीवर चालणारा २४ व्होल्टचा पार्किंग एसी येतो तो बसवा, बॅटऱ्या चांगल्या लागतील आणि लो व्होल्टेज कट-ऑफ असलेलाच घ्या, नाहीतर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. ते बजेटमध्ये नसेल तर इंजिन बंद, दोन्ही काचा थोड्या खाली, जाळी लावा आणि पंखा. घाम येईल, चालतंय.