एवढ्याशा दालमिलला 'डिझास्टर रिकव्हरी' लागते का?

भाऊ, तुमची आर्णी तालुक्यात दालमिल, 12 माणसं, सगळा हिशोब एका कॉम्प्युटरवर. सॉफ्टवेअरवाला डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे संकटानंतर धंदा पुन्हा उभा करायची सोय, म्हणून क्लाउडचं पॅकेज घ्या म्हणतो, आणि एवढ्याशा धंद्याला ते लागतं का, असा तुमचा प्रश्न आहे. तयारी लागते, आणि नुसत्या पॅकेजने ती होत नाही. माझ्यावर जे गुदरलं ते सांगतो.

माझी मिल महागावच्या बाजूला, नाल्यापासून दोन शेतं सोडून आहे. 22 जुलै 2023 ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाऊस कोसळला, आनंदनगरच्या लोकांसाठी वायुदलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, त्याच सकाळी माझ्या ऑफिसात टेबलावरून पाणी वाहत होतं. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली. खरेदीचं रजिस्टर खालच्या खणात, त्याचा लगदा झाला.

तरी मी निर्धास्त होतो. दिवाणजी दर शनिवारी टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेत. ड्राइव्ह कोरडा होता. यवतमाळला आमच्या सीएंकडे नेला, रिस्टोअर केला, कंपनी उघडली, आणि शेवटची नोंद निघाली 31 मार्चची. एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही नव्या वर्षाची कंपनी वेगळी काढली होती. टॅलीत प्रत्येक कंपनीचा आकड्याच्या नावाचा स्वतंत्र फोल्डर असतो, आणि बॅकअप घेताना कंपनी निवडावी लागते. आमची निवड जुन्याच कंपनीवर राहिली. पंधरा शनिवार आम्ही तेच सरलेलं वर्ष जपून घरी नेत होतो. एकदाही कुणी तो उघडून पाहिला नाही. दिवाणजींनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. उघडून बघा हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

गेलेल्या नोंदींत तुरीच्या शेवटच्या खरेदीचे चुकारे होते. कुणाचे किती द्यायचे, कुणी पेरणीला किती उचल नेली, काही हाती नाही. शेवटी गावोगाव निरोप धाडले की काटापट्टी, म्हणजे माल मोजल्यावर आम्ही दिलेली पावती, घेऊन या. लोक आले. एका माउलीने पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी घालून ठेवलेली पट्टी काढली. वजन, भाव, आणि खाली माझ्याच अक्षरात 'उचल 5,000'. ती उचल मला आठवतही नव्हती. तिने पट्टी आणलीच नसती, पूर्ण रक्कम मागितली असती, तर मी दिली असती. अशा पट्ट्या जुळवत हिशोब उभा करायला आम्हाला एकोणीस दिवस लागले.

म्हणून पॅकेजचा भाव विचारण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा. मिल किती दिवस बंद राहिली तर झेपेल? आणि किती दिवसांच्या नोंदी गेल्या तर तुम्ही त्या पुन्हा उभ्या करू शकाल? खरेदीच्या हंगामात दुसऱ्याचं उत्तर एक दिवसापेक्षा जास्त येत नाही. मग आठवड्याचा बॅकअप पुरत नाही, रोज संध्याकाळी काटा बंद झाला की घ्यावा लागतो. प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक मिलच्या आवाराबाहेर. यातली एक तरी कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेली हवी. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर लावून ठेवलेली हार्ड डिस्क लॉक होते, आणि आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउडच्या फोल्डरमध्येही त्याच बिघडलेल्या फायली जाऊन बसतात.

आणि दर तीन महिन्यांनी तो बॅकअप दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा. शेवटचं व्हाउचर कालचं आहे का, शेतकऱ्यांची एकूण देणी जुळतात का, तुरीचा साठा क्विंटलमध्ये बरोबर दिसतो का, एवढं पाहायला अर्धा तास पुरतो. सॉफ्टवेअरवाल्यालाही हेच सांगा: माझा डेटा माझ्यासमोर दुसऱ्या मशीनवर उघडून दाखव. दाखवला तर पॅकेज जरूर घ्या, रोजची बाहेरची प्रत त्यातून सुटते.

पण मिल डेटावर चालत नाही, मोटारींवर चालते. पाणी ओसरलं की माणसाला पहिला मोह होतो बटण दाबून पाहायचा. दाबू नका. ओल्या मोटारीला करंट दिला की वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळतं, आणि धुऊन-वाळवून वाचली असती ती मोटारही जाते. आधी डीपीवरून लाइन बंद आहे का याची खात्री करा, मोटार उघडून चिखल धुवा, नीट वाळवा, बेअरिंग बदला, आणि वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून इन्सुलेशन ठीक म्हटल्यावरच चालू करा. रिवाइंडिंगवाला तालुक्यात एक-दोनच, आणि पुरानंतर सगळ्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्याच दारात. माझी मोठी मोटार अकरा दिवस रांगेत होती. आता एक जुनी मोटार रिवाइंड करून तयार ठेवली आहे, आणि पॅनेल बोर्ड चार फूट उचलून बसवलाय. एवढ्या खर्चाने जो दिलासा मिळाला, तो कुठल्याच सॉफ्टवेअरने दिला नाही.

विम्याची पॉलिसी आजच काढून वाचा. मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर 1 एप्रिल 2021 पासून आलेली 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी लागू होते. आग, वीज, वादळ, पूर हे सगळं तिच्यात धरलेलं आहे. पण मिल बंद असताना बुडालेला नफा तिच्यात येत नाही, त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. सीसी (धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज) देताना बँकेने काढलेली पॉलिसी असेल तर तिच्यावर कुठला पत्ता आहे ते पाहा. दुसऱ्या गोदामाचा पत्ता नसेल तर तिथल्या मालाच्या दाव्याला अडचण येणार. आणि रक्कम हंगामातल्या भरल्या साठ्याची धरा. ती खऱ्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी असली तर या पॉलिसीत चालवून घेतात, त्याहून कमी असेल तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते. चिखल काढण्याआधी फोटो-व्हिडिओ काढा, सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली पोती फेकू नका.

जीएसटी, ई-वे बिल, बँक, सगळ्यांचे ओटीपी तुमच्या एकट्याच्या मोबाइलवर येत असतील तर तेही बघा. सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे भरलेला ट्रक दारात उभा. बँकेत दुसरा सही करणारा आणि जीएसटीत दुसरा अधिकृत माणूस नोंदवून ठेवा. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचे असतात, तेव्हा जुने बॅकअपही पुसू नका.

लाइनमन, रिवाइंडिंगवाला, विमा एजंट, हमालांचा मुकादम, सीए यांचे नंबर कागदावर लिहून दिवाणजींच्या आणि तुमच्या घरी एकेक प्रत लावा. टॉवरचं डिझेल संपलं की फोन बंद पडतो, म्हणून घरचा पत्ताही लिहा. आणि काटापट्टी कार्बनवाली, दोन प्रतींत द्या. थर्मल कागदावरचं अक्षर पुसट होतं.

टॅलीची कोणती आवृत्ती वापरता आणि मिल नाल्यापासून किती वर आहे ते खाली लिहा. बॅकअपमध्ये काय निवडायचं आणि पॅनेल किती उचलायचं, दोन्ही नेमकं सांगतो.